दुसरी गाठ

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली त्या इस्पितळात वाफेचं नवं यंत्र आलं. ते ट्रकमधून उतरवताना बघायला निम्मं इस्पितळ जमलं होतं. नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वरून लाल दोरी बांधलेलं ते धूड बघून रेडिओ म्हणाली, "अगं बाई, नवरी आली!" आणि नाव पडलं ते पडलंच.

रेडिओ ही वाफेच्या खोलीतली एक बांधणारी. तोंड बंद राहायचं नाही म्हणून रेडिओ. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या आणि कपडे धुऊन यायचे, ते या खोलीतल्या बायका हिरव्या कापडात घट्ट बांधायच्या आणि मग यंत्रात घालून वाफवायच्या, म्हणजे जंतू मरायचे. खोलीत एक जुनं यंत्र होतं. ते दिवसभर फुसफुसायचं, मधूनच किंचाळायचं, आणि त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. त्याला सगळ्याजणी सासूबाई म्हणत.

सासूबाईंना सांभाळायची ती थोरली. अंगानं भारी, गुडघ्यांनी अधू, आवाजानं खणखणीत. हुद्दा काही नव्हता तिला, पण खोलीत तिचा शब्द शेवटचा. तिच्या हाताखाली तिचीच धाकटी जाऊ काम करी. ही नोकरी थोरलीनेच तिला लावून दिली होती. घरी एकच स्वयंपाकघर, कामावर एकच खोली. त्यामुळे घरच्यांनी ठेवलेली थोरली-धाकटी ही नावं इस्पितळभर झाली होती.

त्या खोलीची एक रीत होती. गाठोडं बांधणारी फितीला एक गाठ मारी. गाठोडं वाफेतून बाहेर आलं की थोरली त्यावरून तळहात फिरवी, ते कोरडं ठणठणीत आहे याची खात्री करी आणि मगच फितीला दुसरी गाठ मारी. दुसरी गाठ म्हणजे झालं, निर्धास्त वापरा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण वर ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सा गाठोडं हातात घेतलं की आधी गाठी बघत. एकच गाठ दिसली तर गाठोडं आल्या पावली परत. मोठे सर्जन तर म्हणायचे, "बाईंची गाठ आहे ना? मग उघडा."

नवरी आली आणि या सगळ्याला सुरुंग लागला. नवरीला दोन दारं होती. ती भिंतीतच बसवली होती. बांधायच्या खोलीतून गाठोडी आत घालायची, आणि ती निघायची ती पलीकडच्या बाजूला, एका नव्या स्वच्छ खोलीत. तिथे टोपी आणि वेगळ्या चपला घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. सगळं नीट झालं तर हिरवा दिवा लागून पलीकडचं दार उघडे. काही बिघडलं तर लाल दिवा, आणि पलीकडचं दार काही केल्या उघडत नसे.

हे शिकायला कुणाला तरी दुसऱ्या शहरी पाठवायचं होतं. कुणीच तयार होईना, तेव्हा धाकटीचं नाव पुढे ढकललं गेलं. ती शिकून आली आणि इन्चार्ज मोठ्या सिस्टरांनी तिला बोलावून सांगितलं, "आता तूच बघ गं सगळं. तुला यातलं कळतं. फक्त माझ्या नावानं कुणाला ऑर्डर सोडू नकोस हं."

"मग कुणाच्या नावानं सोडू, सिस्टर?"

"सोडूच नकोस. गोडीगुलाबीनं घे."

गोडीगुलाबीनं घ्यायला वेळ तरी कुठे होता? इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, की पावसाळ्याचा हंगाम संपायच्या आत सगळं काम नव्या यंत्रावर गेलं पाहिजे. नाही गेलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू आणि बायकांना वॉर्डात फरशी पुसायला पाठवू. बाकीच्या जणी नाक मुरडत का होईना, पुसतील. थोरलीला खाली वाकताच येत नव्हतं. तिच्यासाठी ती खोली गेली की नोकरी गेली. धाकटीला रात्रंदिवस हीच धास्ती होती, आणि ज्या जावेसाठी ती धास्ती, तीच पाठ फिरवून बसलेली.

"मला नको तुमची ती नवरी," थोरली म्हणे. "मुकी आहे मेली. आत काय करते ते सांगत नाही. सासूबाई निदान बोलतात तरी."

"अहो जाऊबाई, हिचे दिवे बोलतात."

"दिव्याला काय कळतं कोरडं आणि ओलं?"

धाकटीने हुकूम असा एकही सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती एकेकीला यंत्राजवळ नेई, बटण दाबायला देई, चुकली तर आपणही हसे. रेडिओ सगळ्यांत आधी फुटली. नवरीचं काम झालं की ती तीन सुरांत वाजत असे, त्यावरच रेडिओ भाळली. तिला पलीकडच्या स्वच्छ खोलीत नेमलं. मग एकेक करून बाकीच्याही आल्या. थोरलीने मात्र पलीकडच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं. ती अलीकडे, दारापाशी गाठोडी आत लावायची, तीही कपाळाला आठ्या घालून. यंत्राबरोबर पट्ट्यापट्ट्यांच्या चिकटपट्टीची रिळं आली होती. ती गाठोड्यावर लावायची, वाफ नीट लागली की तिच्यावरच्या फिकट पट्ट्या काळ्या होतात. थोरली म्हणाली, "हे कसले लाड? लग्नाचा आहेर बांधतोय का आपण?" आणि रिळं कपाटात गेली. एवढ्यावरून कशाला वाद, म्हणून धाकटीनेही ती बाहेर काढली नाहीत.

दुसऱ्या गाठीचं तेवढं घोडं अडलं होतं. गाठोडी आता पलीकडे निघत, थोरली अलीकडे. धाकटीने शिकवताना सांगितलं होतं, "दुसरी गाठ आता नको. हिरवा दिवा लागला की झालं." खोलीने ऐकलं. थिएटरने ऐकलं नाही. एका गाठीची गाठोडी रोज परत येऊ लागली. धाकटी रोज जिने चढून वर जायची, समजावून सांगायची आणि तोंड पाडून तीच गाठोडी घेऊन खाली यायची. मग ती सासूबाईंत पुन्हा वाफवून, थोरलीच्या दुसऱ्या गाठीसह वर जात. मोठे साहेब एकदा जिन्यातच भेटले. म्हणाले, "काय, तुमचं नवं यंत्र जुन्याला काम पुरवतंय म्हणे?" त्या दिवशी घरी धाकटीने ताटातला भात नुसताच चिवडला. थोरलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटात आणखी भात वाढला.

आणि मग गाठोडी परत यायची थांबली. एकदम. धाकटीला वाटलं, चला, थिएटरवाल्यांना पटलं एकदाचं. आनंदाच्या भरात तिने का आणि कसं हे विचारलंच नाही.

ते घडलं त्या दिवशी सासूबाईंचा वाफेचा नळ गळत होता, म्हणून त्या सकाळपासून थंड पडल्या होत्या. दुपारी नवरीचा लाल दिवा लागला. काम अर्ध्यावर सोडून ती गप्प झाली. अलीकडचं दार उघडून थोरलीने अर्धवट वाफवलेली गाठोडी बाहेर काढली, आणि तिच्या हाताला सवय होती तिथे, म्हणजे बाहेरच्या दाराजवळच्या टेबलावर, ठेवली. सासूबाईंच्या जमान्यात तयार गाठोडी तिथेच ठेवली जात. धाकटी मेकॅनिकला फोन करायला मोठ्या सिस्टरांच्या ऑफिसात गेली. ते ऑफिस दुसऱ्या इमारतीत होतं. इकडे बायका जेवायला बसल्या.

धाकटी परत आली तेव्हा टेबल रिकामं होतं.

"गाठोडी कुठायत?"

थोरली डबा धूत होती. "तिथंच आहेत की."

"नाहीत."

"मग थिएटरचा ढकलगाडीवाला घेऊन गेला असेल."

"तो कसा नेईल? एक गाठ असली तर तो हात लावत नाही."

थोरलीने नळ बंद केला नाही. पाणी तसंच वाहत राहिलं. धाकटी तिच्या जवळ गेली.

"जाऊबाई, किती गाठी होत्या?"

"दोन."

"वाफेत जायच्या आधीच?"

"परत पाठवत होते गं ते मेले!" थोरलीचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "रोज तू तोंड पाडून जिन्यावरून खाली यायचीस. मला बघवत नव्हतं. म्हटलं, यंत्र तर आपलं काम करतंच आहे, मग गाठ आधी मारली काय आणि नंतर मारली काय. म्हणून यंत्रात लावतानाच दुसरी मारून टाकत होते मी. तुझं काम व्हावं म्हणून."

जी बाई यंत्राला नावं ठेवत होती, तीच गुपचूप धाकटीची बाजू सावरत होती. आणि आता अर्धीकच्ची गाठोडी, थिएटरला ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा होता ती खूण लावून, वर गेली होती.

तिने फक्त थिएटरशी जोडलेला भिंतीवरचा फोन उचलला. नुसती घरघर. तिने तो तसाच लोंबकळत सोडला आणि पळत सुटली.

थिएटरच्या दारात जमिनीवर तांबडी रेघ आखलेली होती. बाहेरच्या चपला घालून तिच्या पलीकडे कुणी जायचं नाही. धाकटी रेघेवर येऊन थांबली, तिला श्वास पुरेना. आतली नर्स ओरडली, "तिथंच थांब! काय झालं?"

"ऑपरेशन थांबवा. मघाशी आलेली गाठोडी कच्ची आहेत."

पलीकडे मोठे सर्जन हात धुऊन उभे होते, दोन्ही हात वर धरलेले, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. आत टेबलावर एक शाळकरी मुलगी होती. भूल देणारे डॉक्टर तिच्या उशाशी बसले होते.

"कोण म्हणतं कच्ची आहेत?" सर्जनांनी विचारलं.

"मी म्हणते."

"तू कोण?"

"खालची. वाफेच्या खोलीतली."

"इन्चार्ज आहेस?"

"नाही. बांधणारी आहे."

"मग इन्चार्जना बोलव."

"त्या मीटिंगला बाहेरगावी गेल्यात, साहेब."

"बरं, कच्चं कोणतं ते सांग. बाकीचं वापरतो."

हाच प्रश्न तिला नको होता. "ते नाही सांगता येत. तुमच्या कपाटात आता सगळी एकत्र झाली असतील. सगळ्यांनाच दोन गाठी आहेत."

"म्हणजे सगळीच फेकू?" सर्जनांचा आवाज खाली आला. तो खाली आला की मोठमोठे डॉक्टर चळाचळा कापत. "या पोरीचं अपेंडिक्स कधीही फुटेल. मी थांबलो आणि ते फुटलं, तर तिच्या आईबापांपुढे तू उभी राहणार आहेस?"

धाकटीकडे होती ती नुसती खात्री, आणि खात्रीला हुद्दा लागतो. सर्जन वळले. नर्सने एका गाठोड्याच्या फितीला हात घातला.

"उघडू नकोस गं!"

आवाज जिन्यातून आला. थोरली कठडा धरून एकेक पायरी वर येत होती. चेहरा तांबडालाल, केस सुटलेले. त्या जिन्याने तिला कुणी कधी वर येताना पाहिलं नव्हतं. ती रेघेपाशी पोचली आणि भिंतीला टेकली.

"बाई, तुम्ही?" सर्जन थबकले.

"साहेब, ती गाठ माझी आहे. आणि खोटी आहे."

सर्जनांनी वर धरलेले हात सावकाश खाली सोडले. "सगळी खाली पाठवा," ते नर्सला म्हणाले. "आणि बाई, मला लवकरात लवकर एक संच द्या. ती पोर फार वेळ काढणार नाही."

सासूबाई थंड. त्या तापेपर्यंत संध्याकाळ झाली असती. उरली ती नवरी, आणि ती मघाशीच रुसलेली. मघाशी गाठोडी कशी लावली होती ते धाकटीने विचारलं आणि तिला लाल दिव्याचं कारण कळलं. सासूबाईंचंही काम अंगावर आलं म्हणून थोरलीने गाठोडी सासूबाईंत लावायची तशी चेपून, एकाला एक चिकटवून भरली होती. वाफेला आत शिरायला फट नव्हती.

संचाची गाठोडी बांधून झाली. थोरली दोन पावलं मागे सरली. "तूच लाव. मघाशी माझ्यामुळेच बिघडलं."

"नाही. तुम्हीच लावा."

"हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"हट्ट नाही, जाऊबाई. मी लावलं तर वर कुणी उघडणार नाही. ते माझ्यासाठी थांबले नाहीत, तुमच्यासाठी थांबले. घरी ताटाळ्यात ताटं उभी लावता ना, तशीच लावा. मध्ये हात जाईल एवढी जागा ठेवून."

थोरलीने लावली. धाकटीने कपाटातून चिकटपट्टीचं रीळ काढलं, एकेक तुकडा फाडून तिच्या हातात दिला, आणि थोरलीने तो मुकाट्याने प्रत्येक गाठोड्यावर दाबून बसवला. दार बंद झालं. बटण थोरलीनेच दाबलं.

मग वाट बघणं. यंत्राच्या तोंडावरचे आकडे चढत होते, थांबत होते, पुन्हा चढत होते. थिएटरचा निरोप एकदा येऊन गेला, मुलीचा ताप वाढलाय. भिंतीपलीकडून रेडिओचा आवाज नाही. ती गप्प बसली आहे याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटत होती. एकदा यंत्राने कसलासा सुस्कारा टाकला आणि थोरलीने धाकटीचं मनगट घट्ट पकडलं.

"लाल लागला तर?"

"लागला तर पुन्हा लावू."

"तेवढा वेळ आहे का त्या पोरीला?"

धाकटीच्या मनगटावर थोरलीच्या बांगड्यांचे वळ उमटले होते. दोघींची नजर दिव्यावरून हलत नव्हती.

दिवा हिरवा झाला. पलीकडे तीन सूर वाजले आणि पाठोपाठ रेडिओ ओरडली, "उघडलं! उघडलं गं!"

"चला," धाकटी म्हणाली.

"मी तिकडे?"

"मग बघणार कोण?"

थोरलीने टोपी घातली, चपला बदलल्या आणि पहिल्यांदाच पलीकडच्या खोलीत पाऊल टाकलं. गाठोड्यावरच्या पट्ट्या काळ्याशार झाल्या होत्या. तिने त्या नीट निरखल्या. तरी तेवढ्यावर ती थांबली नाही. गाठोडी जरा निवल्यावर प्रत्येकावरून तळहात फिरवला, एकदा सुलटा, एकदा उलटा. मग फितीची टोकं हातात घेतली आणि दुसरी गाठ मारली. गाठोडी वर न्यायला तिने कुणालाही हात लावू दिला नाही. जिना चढताना धाकटी तिच्या मागे होती, पण आधार द्यायची तिची हिंमत झाली नाही.

सर्जनांनी गाठ पाहिली. "उघडा," ते म्हणाले. मुलीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पण फुटलं नव्हतं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली आणि तिने पहिल्यांदा पाणी मागितलं, असं नर्सने खाली येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात उभं केलं. मोठ्या सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. सर्जनही आले होते.

"गाठ कुणी मारली?" साहेबांनी विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

"उद्यापासून वॉर्डात."

थोरलीने मान खाली घातली. धाकटी एक पाऊल पुढे आली. "साहेब, बांधणं कुणाचं काम, ठाऊक आहे. वाफवणं यंत्राचं. निघालेलं गाठोडं बघायचं काम कुणाचं?"

साहेबांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. मोठ्या सिस्टरांनी खिडकीकडे.

"कुणाचंच नाही," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं ते काम यांचं होतं. नवं यंत्र आलं, दार भिंतीपलीकडे गेलं आणि यांचं काम मधल्यामध्ये हरवलं. दुसरी गाठ नको म्हणून मीच शिकवलं. तिच्या जागी काय करायचं ते सांगायला मला सुचलं नाही. यांना पलीकडे बसवा. पट्ट्या काळ्या झालेल्या बघून यांनीच गाठ मारायची. सगळं काम नव्या यंत्रावर आणून दाखवतो आम्ही."

"तू कोण ठरवणार?"

"मी कुणी नाही. म्हणून विचारतेय."

सर्जन उठले. "साहेब, त्या बाईंना वॉर्डात पाठवलंत, तर गाठोडी कुणाच्या भरवशावर उघडायची ते मला सांगून ठेवा. काल त्या जिना चढून आल्या नसत्या तर मी उघडलं असतं."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "हंगामाच्या शेवटी बघू." थोरलीला त्यांनी सगळ्यांसमोर कडक शब्दांत समज दिली, तीही तिने ऐकून घेतली. पण वॉर्डात कुणी गेलं नाही.

घरी थोरली तीन-चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. थोरलीच्या नवऱ्याने विचारलंही, "काय गं, दोघींचं बिनसलं का?" मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "धाकटे, त्या लाल दिव्याबरोबर आकडे येतात ना, ते मला शिकव. मी विचारतेय हे रेडिओला सांगू नकोस."

हंगाम संपायच्या आत सगळं काम नवरीवर आलं. त्यासाठी कुणी कधी हुकूम काढल्याचं कुणाला आठवत नाही.

सासूबाईंना पुढच्या वर्षी भंगारवाला घेऊन गेला. रेडिओ निवृत्त होईपर्यंत पलीकडच्या खोलीत बोलत राहिली. तिच्या मुलीने यंत्रदुरुस्तीचा कोर्स केला, आणि रेडिओने त्याचं श्रेय कुणालाही घेऊ दिलं नाही. मोठ्या सिस्टरांची बढती होऊन त्या दुसऱ्या शहरी गेल्या, आणि तिथे त्यांनी नव्या यंत्रांवर भाषणंही दिली असं ऐकलं. मोठे सर्जन फार वर्षं जगले नाहीत. त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. इस्पितळातली माणसं बरी झाली की परत भेटत नाहीत, आणि ते चांगलंच.

विभागाला काही वर्षांनी प्रमुख मिळाला. बाहेरून आलेला, डिप्लोमावाला, तरणाताठा. धाकटीने अर्ज केला होता, पण तिचं शिक्षण कमी पडलं. तो वाईट नव्हता. पहिल्या आठवड्यातच तो तिला काकू म्हणू लागला आणि तिला विचारल्याशिवाय काही बदलत नसे.

थोरलीचे गुडघे शेवटी पार गेले. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती आणि तिचं सगळं धाकटीने केलं. ती गेली तेव्हा धाकटी निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. आता धाकटी थोरलीच्या लेकीकडे राहते. नातवंडं तिला आजीच म्हणतात, चुलत वगैरे शब्द त्या घरात कुणी वापरत नाही. धुण्याचं नवं मशीन घरात आलं तेव्हा लेकीने पुस्तक उघडून वाचायला घेतलं, तर धाकटी म्हणाली, "आधी मला बटण दाबू दे. मग वाच."